तराजूचा पांढरा शर्ट

त्याच्या मानेचं आणि बाजारातल्या कुठल्याच शर्टाचं पटत नव्हतं. गळ्याचं बटण लागेल असा शर्ट घेतला तर खाली तंबू; खांदे दंडावर उतरलेले, बाह्या बोटांवर लोळणाऱ्या. अंगाला बसेल असा घेतला तर गळ्याचं बटण आणि त्याचं काज समोरासमोर यायची, एकमेकांकडे बघायची आणि भांडलेल्या जावांसारखी लांबच राहायची.

यात शर्टांचा दोष नव्हता. उमेदीची सगळी वर्षं त्यानं एका छापखान्याच्या तळघरात कागद कापायच्या मशीनवर काढली होती. गठ्ठा उचलायचा, पात्याखाली सरकवायचा, कडा ठोकून सारख्या करायच्या आणि उजव्या हातानं दांडा खाली ओढायचा. दिवसभर तेच. कागद सरळ कापला जात राहिला आणि माणूस वाकडा होत गेला. मान खांबासारखी झाली. उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली उतरला. उजवा दंड तर डाव्याचा थोरला भाऊ वाटावा इतका भरला. छापखान्यातले लोक त्याला तराजू म्हणायचे, कारण एक पारडं कायम खाली. त्याला त्याचं काही वाटत नसे. बायकोला वाटे. एकदा छापखान्यातला एक बाइंडर घरी जेवायला आलेला असताना गमतीत तिला ‘तराजूवहिनी’ म्हणाला, तेव्हा तिनं त्याच्यापुढचं वाढलेलं ताट उचललं आणि आत नेलं. परत आणलं, पण पाणी न देता.

पुढे छापखान्याला टाळं लागलं. तेव्हा त्याचं वय नवीन काही शिकण्याचं राहिलं नव्हतं आणि घरी बसण्याचंही झालं नव्हतं. शहराच्या मध्यावर संगीताचं एक मोठं सभागृह होतं. तिथे गाड्यांच्या फाटकावर त्याला काम मिळालं. सभागृहानं एक जाड जॅकेट दिलं. त्याची चेन हनुवटीपर्यंत जायची. आत काय घातलंय हे विचारणारं कुणी नव्हतं, आणि त्याचं बरं चाललं होतं.

मग एकदा गाडीतून उतरताना एका बाईंचा चष्मा फाटकापाशी पडला. तो द्यायला म्हणून हा धावत आत गेला आणि याच्या पाठीमागे दार बंद झालं. मैफल सुरू झाली की मध्यंतरापर्यंत दार उघडायचं नाही, हा तिथला नियम. तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला. तळघरात आवाज म्हणजे अंगावर पडणारी वस्तू होती. दिवसभर पडत राहायची, आणि घरी आल्यावरही कानात तिचा ढिगारा असायचा. इथला आवाज लांबून चालत आला, त्याच्यापाशी थांबला आणि मग निघून गेला. तो जातो याचंच त्याला सर्वांत नवल वाटलं. गेल्यावर जी शांतता राहिली तीसुद्धा कुणीतरी हातानं केलेली होती. त्याचा डावा कान छापखान्यातच राहिला होता, तेव्हा त्यानं जे ऐकलं ते उजव्यानं. पण तेवढं पुरलं. त्या दिवसापासून फाटकावर उभं राहून भिंतीतून झिरपणारं संगीत ऐकणं त्याला उष्ट्यासारखं वाटायला लागलं.

म्हणून आतल्या दारावरचा म्हातारा निवृत्त होणार असं कळलं तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा तो कुणाकडे काही मागायला गेला. आतल्या दाराचा माणूस दार आतून बंद करतो आणि आतच उभा राहतो. सभागृहाच्या व्यवस्थापक बाईंनी त्याला पायापासून वर न्याहाळलं आणि नजर गळ्यापाशी थांबवली. काळा कोट आणि टाय सभागृहाचा, म्हणाल्या, शर्ट मात्र तुमचा स्वतःचा. पांढरा, अंगाला बसलेला, गळ्याचं बटण लावलेलं. बटण उघडं ठेवून वर टाय ओढलेली त्यांना चालणार नव्हती. आत येणारा माणूस पहिल्यांदा दारवाल्याचा गळा बघतो, असं त्यांचं म्हणणं. आणखी एक उमेदवार होता, बगळ्यासारख्या मानेचा. नव्या हंगामाच्या पहिल्या मैफलीला त्या दोघांना उभं करून बघणार होत्या.

घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं. तिनं आधी ‘दार ते दार, आत काय नि बाहेर काय’ असं म्हणून घेतलं, आणि मग त्याच्याकडे न बघता विचारलं, “तिथे बसायला मिळतं का?”

तो म्हणाला, नाही, उभंच राहायचं.

“मग बरंय. बसलात की तुमचा शर्ट वर चढतो.”

हे तिला ठाऊक असायचंच. लग्न झाल्यापासून त्याचा एकही शर्ट तिच्या हाताखालून गेल्याशिवाय त्याच्या अंगावर चढला नव्हता. मानेला होईल असा मोठा तयार शर्ट ती आणायची आणि पहिलं काम म्हणजे त्याचा पार जीव काढायची. बाह्या उसवायच्या, कुशी, म्हणजे काखेपासून खालच्या शिवणी, उसवायच्या, खांदे सोडायचे. मग जमिनीवर सगळे तुकडे पसरून त्यांच्याकडे नवरा आजारी पडल्यासारखी बघत बसायची. उजवा खांदा उतरता करायचा, उजवी बाही ऐसपैस, डावी आखूड. हे सगळं एका बैठकीत. मध्ये उठलं की डोक्यातलं माप सांडतं, असं ती म्हणे, आणि त्या वेळात दाराची बेल वाजली तरी घरात कुणी नसल्यासारखं वागे. शर्ट अंगावर चढला की कुणाच्या लक्षात येत नसे की माणूस तिरका आहे. लोकांना तो जरासा विचारात पडल्यासारखा दिसे, एवढंच.

पण गेल्या वर्षभरात तिच्या उजव्या अंगठ्यानं दगा दिला होता. सांधा सुजायचा, रात्री ठणकायचा. कात्री दोन घास चालली की तिसऱ्याला हात सुटायचा. डॉक्टर म्हणाले, अंगठ्याला विश्रांती द्या. ती म्हणाली, अंगठ्याला विश्रांती द्यायची म्हणजे मला कोपऱ्यात ठेवायचं. तरी आतल्या दाराची गोष्ट कळल्यावर तिनं एक पांढरा शर्ट आणलाच.

तो शर्ट एका बैठकीत झाला नाही. थोडं उसवायची, अंगठा गरम पाण्यात बुडवायची, पुन्हा थोडं. असे दिवस गेले. आणि मध्ये कधीतरी, शर्ट उलटा पसरलेला असताना, तिच्या डोक्यातलं माप खरंच सांडलं. उलट्या शर्टाचा डावा खांदा तिला उजवा वाटला. तिनं डावा खांदा उतरवला.

शर्ट अंगात घालताच त्याला कळलं. आरशासमोर उभं राहून त्यानं मुकाट्यानं डावा खांदा खाली सोडला, उजवा वर ओढून धरला, आणि शर्ट बसला. “फक्कड झालाय,” तो म्हणाला. आणि दुपारभर तसाच घरात वावरला. पाणी प्यायला, खिडकी लावली, वर्तमानपत्र वाचलं, सगळं डावीकडे कलून, वादळात सापडलेल्या होडीसारखं. ती बघत होती.

“काढा तो,” शेवटी ती म्हणाली.

“अगं, बसतोय की.”

“शर्ट तुम्हाला बसायचा असतो. तुम्ही शर्टाला बसायचं नसतं.”

तिनं तो हातात घेऊन उलटा केला, शिवणीत बोट घातलं आणि तशीच थांबली. शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात, पुढेमागे उसवून सैल करता यावं म्हणून, त्याला शिवणारे लोक माया म्हणतात. जन्मभर ती मायेच्या बाबतीत सढळ होती. या वेळी जाड शिवण अंगठ्याला झेपेना, म्हणून तिनं सगळी माया कापून टाकली होती. चूक सुधारायला आत काही उरलंच नव्हतं. त्या शर्टाचं पुढे काय झालं हे त्यानं विचारलं नाही आणि तो पुन्हा घरात कुठे दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप पुढे सरकवत ती म्हणाली, बाहेर शिवून घेऊ, शहर एवढं मोठं आहे. मी बरोबर येणार.

शहर मोठं होतं खरं, पण अंगाबरोबर शर्ट शिवून देणारी माणसं त्यात विरळ झाली होती. जी होती ती एकतर खिशाबाहेरची, नाहीतर अंगाबाहेरची. पहिल्या दुकानात सोफे होते. त्यांना बसवून थंड पाणी देण्यात आलं. कापडाचे नमुने एका पुस्तकात चिकटवलेले होते आणि माप घेणारा माणूस त्याला बोटांच्या टोकांनी असं हात लावत होता की जणू तो ओला रंग आहे. एका शर्टाला काय पडेल हे ऐकल्यावर बायकोनं पाण्याचा ग्लास हळूच खाली ठेवला, त्याचेही लावतील म्हणून.

दुसऱ्या दुकानात ना कात्री होती ना टेप. तिथे फोननं माप घेत. भिंतीपुढे उभं राहायचं, फोन फोटो काढतो आणि शर्ट कुठल्या तरी दूरच्या कारखान्यातून शिवून येतो, स्वस्तही पडतो. पण फोन त्याचं माप घेईना. लाल रेघ दाखवून तेच तेच सांगत राहिला.

“काका, सरळ उभे राहा,” दुकानातला विक्रेता म्हणाला. “तो सरळ माणसाचंच घेतो.”

“मी सरळच उभा आहे.”

“ते सरळच आहेत,” बायको म्हणाली. “तुम्ही फोन वाकडा धरलाय.”

विक्रेत्यानं फोन जरा तिरका केला, मग त्याचा खांदा धरून वर उचलला, मग पुन्हा फोन. तोवर बायकोनं काचेवर मांडलेला नमुन्याचा शर्ट उचलून उलटा केला होता. ती त्याच्या कुशी चाचपत होती, एक बाजू झाली की दुसरी.

“यात माया कुठाय?” तिनं विचारलं.

विक्रेता अदबीनं म्हणाला, “इथे माया नावाचं कुणी काम करत नाही, मॅडम.”

रस्त्यावर आल्यावर तिला हसू आवरेना. एका दुकानाच्या पायरीवर ती टेकली, डोळे पुसले, पुन्हा हसली. तोही हसला. मग ती हसायची थांबली आणि म्हणाली, “आपण घरी जाऊ.” वाटेत तिनं दुखरा अंगठा दुसऱ्या मुठीत धरून ठेवला होता.

तिसऱ्या ठिकाणचा शिंपी सगळ्याला हो म्हणायचा. खांदा उतरता पाहिजे? हो. मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात ती गोलाई, उजवीकडे मोठी ठेवायची? हो. कॉलर उंच? हो हो. ती पायऱ्या उतरताना म्हणाली, या माणसानं एकदाही नाही म्हटलं नाही, म्हणजे ऐकलेलंच नाही. आणि तसंच झालं. शर्ट आला तो दोन्ही खांद्यांनी कवायतीला उभा राहिल्यासारखा.

पहिली मैफल जवळ येत चालली होती. फाटकावर बगळ्यासारख्या मानेचा उमेदवार येता-जाता त्याला नमस्कार करू लागला. त्या नमस्कारात सहानुभूती होती आणि ती त्याला झोंबायची. शिवाय फोनवाल्या दुकानापासून त्यानं एक नवीच खोड लावून घेतली होती: उजवा खांदा वर ओढून वावरायची. माणूस सरळ झाला तर शर्ट कुठलाही चालेल, असा त्याचा हिशोब. न्हाणीघराच्या आरशात तो सवय करायचा. संध्याकाळपर्यंत मान आखडून जायची, पण खांदा वर राहायला लागला होता.

हे नेमकं त्या मुलीच्या नजरेत भरलं. वाद्यवृंदात मागच्या रांगेत व्हायोलिन वाजवणारी एक मुलगी होती; सायकलवरून यायची आणि सायकल त्याच्या फाटकाशी ठेवायची. काका, मान धरलीय का, तिनं विचारलं. त्यानं नाही नाही म्हणत सगळं सांगून टाकलं. ती हसली आणि तिनं आपला गळा एका बाजूला करून दाखवला. जबड्याखाली काळपट डाग होता, आणि डावा खांदा चांगला वर चढलेला. आमच्यातलं कुणीच सरळ नाही, ती म्हणाली. चेलोवाले पुढे वाकलेले, बासरीवाले एका अंगाला. मामा म्हणून एक शिंपी आहेत, आम्ही सगळे त्यांच्याकडे शिवतो. आमच्या पगारात तेच बसतात. फक्त बटणं लावून मिळत नाहीत हां.

मामा टायरच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर राहायचे. लिफ्ट नव्हती. जिन्यात पहिल्या मजल्यावर थांबून त्यानं बायकोला, जमेल तितक्या मऊपणानं, सांगितलं की इथे तू जरा कमी बोल. आता चौथं ठिकाण शोधायला वेळ नाही. ती काहीच म्हणाली नाही. दुसऱ्या मजल्यावरही नाही. तिच्या न बोलण्याचं वजन घेऊन तो वर पोचला.

मामा अंगानं प्रशस्त आणि बोलायला त्याहून प्रशस्त होते. गिऱ्हाईक आत आल्यापासून बाहेर जाईपर्यंत त्यांचं तोंड चालू असायचं आणि ते कुणाशी बोलताहेत हे नेहमी कळतंच असं नाही, बऱ्याचदा कापडाशी. खोलीत एक लांब टेबल, एक मशीन, भिंतीला टेकवलेले कापडाचे शेवटचे तुकडे. गिरण्यांकडे उरलेले तुकडे ते उचलत, एकदोन शर्टांपुरते, म्हणून स्वस्त. पाटी नाही, नोकर नाही, इस्त्री नाही. आरसासुद्धा नाही, कारण आरसा ठेवला की गिऱ्हाईक तासभर हलत नाही. शर्टाशिवाय दुसरं काही शिवत नसत. आणि बटणं पुडीत बांधून द्यायचे. कापायला मी लागतो, शिवायला मी लागतो, असं त्यांचं म्हणणं. बटणाला मी कशाला लागतो? प्रत्येकाच्या घरी सुईदोरा असतोच.

माप घेताना तो ताठ उभा राहिला, खांदा वर. मामा बोलत होते, टेप फिरवत होते. बायको स्टुलावर मांडीवर हात ठेवून बसली होती. तिनं सगळं पाहिलं आणि वचन दिल्यासारखी गप्प राहिली.

दुसऱ्या खेपेला कच्चा शर्ट तयार होता, लांब लांब धावदोरे घातलेला, एका बाहीचा. मामांनी तो त्याला चढवला, मागे सरले, आणि त्यांचं बोलणं थांबलं. कॉलरखालून काखेकडे एक तिरकी सुरकुती गेली होती. त्यांनी ती तळहातानं पुसून बघितली, ती परत आली. पुन्हा खांदे मोजले. दोन्ही सारखे. कापड बघितलं, धावदोरा बघितला. हा तर मापाचा शर्ट आहे, ते स्वतःशीच म्हणाले, मग हा तक्रार का करतोय?

“चालेल हो,” तो म्हणाला. “कोटाखाली कुणाला दिसतंय.” बोलताना खांदा किंचित खाली आला, तो त्यानं चटकन वर ओढला.

मामा म्हणाले, कापडच वाईट निघालं असणार, दुसरं बघतो. पण ते मिळून शर्ट व्हायला पुढचा आठवडा उजाडेल. पुढच्या आठवड्यात मैफल होऊन गेलेली असणार होती.  एका बाहीच्या शर्टात, उघड्या डाव्या दंडानं, तो खोलीच्या मध्ये उभा राहिला.

तेव्हा मागून बायको म्हणाली, “तराजू.”

मोठ्यानं नाही, शेजारच्या खोलीतून मीठ मागावं तितक्याच आवाजात. लग्नानंतर इतक्या वर्षांत तो शब्द तिनं तोंडातून काढला नव्हता. छापखान्यात त्याला दिवसातून कितीदा तरी तशी हाक यायची आणि तो ओ द्यायचा. घरात तो शब्द वर्ज्य होता. त्याला आधी खरं वाटेना. मग पोटातून हसू आलं, दम सुटला, आणि हसता हसता उजवा खांदा आपल्या जुन्या जागी, दोन बोटं खाली, जाऊन बसला. मान मोकळी झाली.

“आता घ्या माप,” ती मामांना म्हणाली. “हे खरे. मघाशी उभे होते ते कुणी दुसरेच होते.”

मामांनी टेप गळ्यातून काढली, पण माप घेतलं नाही. ते तिच्याकडे वळले. “आजवर हे कोण सांभाळत होतं, वहिनी?”

“मीच. अजून कोण.”

“मुंढ्याचं काय करायचात? उजवा खांदा उतरवला की काख आवळणार.”

“खांदा उतरवायचा, पण काख तिथेच ठेवायची. पाठीतून घ्यायचं कापड. असं नाही, थांबा.” ती उठली. मामांनी खडूचा चपटा तुकडा पुढे केला. तिनं तो अंगठ्याशिवाय, दोन बोटांत धरला आणि नवऱ्याच्या पाठीवर एक वळण काढलं. खडू थरथरला, तिनं हात झटकला आणि पुन्हा पहिल्यापासून काढलं. मामांनी त्यावर आपली एक रेघ मारली. तिनं ती पुसली. मामा काहीतरी पुटपुटले, ती ‘छे’ म्हणाली, मामा ‘बघा तर’ म्हणाले, आणि तिनं बघितलं आणि ‘हं’ म्हणाली. तिच्या तोंडून ‘हं’ ऐकायला त्याला वर्षं लागायची. मामांना ते पहिल्याच भेटीत मिळालं.

तो फळ्यासारखा उभा होता. त्याच्या पाठीवर दोघांचं काय चाललंय हे त्याला दिसत नव्हतं आणि त्यातले अर्धे शब्द त्याच्या ओळखीचे नव्हते. खडूची रेघ मणक्यावरून खांद्याकडे गेलेली त्याला जाणवली, आणि मग तिच्या तळहाताची ऊब, नेहमीच्या जागी. मग ती ऊब निघाली आणि तिथे मामांचा हात आला, जड, परका, कामापुरता. तो दचकला नाही. तिनं बाजूला होऊन त्या हाताला जागा दिली होती हे त्याला पाठीनंच कळलं.

शेवटचा वाद मायेवरून झाला. तिला दोन बोटं माया पाहिजे होती.

“एवढी माया पांढऱ्या शर्टात दिसते, वहिनी.”

“दिसू दे.”

मामांनी हात जोडले. अखेर एका बोटावर तडजोड झाली.

मैफलीच्या आदल्या दिवशी त्याच तुकड्यातून निघालेले दोन शर्ट आले आणि बटणांची पुडी. घरी सुईदोरा होता, पण सुई धरायला अंगठा लागतो. तिनं दोनदा प्रयत्न केला, सुई निसटून खाली गेली. दुसऱ्यांदा ती सापडेपर्यंत दोघंही जमिनीवर रांगत होती. मग तिनं सुई त्याच्या हातात दिली.

कागदाचे गठ्ठे उचललेला हात तो. सुई त्याला दिसतच नव्हती, नुसती टोचत होती. दोरा ओवण्यातच दुपार निम्मी झाली. पहिलं बटण त्यानं शर्टाबरोबर स्वतःच्या पँटलाही शिवलं. ती म्हणाली, छान, आता कोटाची गरज नाही. दुसरं वाकडं, तिसरं बरं. खालून वर येत येत तो गळ्यापाशी पोचला आणि ते बटण त्यानं जीव खाऊन आवळलं, कुठल्याही परिस्थितीत तुटू नये म्हणून. काजात ते जाईचना.

“त्याला जरा मान ठेवा,” ती म्हणाली. “बटण आणि कापड यांच्यात दोऱ्याचे वेढे घ्यायचे असतात. तुमच्यासारखं धडावर डोकं नको.”

त्यानं ते तोडलं आणि पुन्हा लावलं. ती जवळ वाकून बघत होती, इतकी जवळ की तिचा श्वास त्याच्या मनगटाला लागत होता. बोट लावायला तिचा हात दोनदा पुढे आला आणि दोन्ही वेळा मागे गेला. शेवटी तिनं तो स्वतःच्या खाली दाबून ठेवला, आणि बसूनच सूचना देत राहिली.

मैफलीच्या दिवशी व्यवस्थापक बाई आल्या तेव्हा दोघे उमेदवार शेजारी शेजारी उभे होते. बगळ्यासारख्या मानेच्या उमेदवाराच्या गळ्याकडे त्यांनी बघितलं, त्याच्या गळ्याकडे बघितलं, मग हातातल्या कागदाकडे. त्या दुसऱ्याला वर गॅलरीचं दार सांगितलं आणि याला म्हणाल्या, “तुम्ही इथे.” आणि निघून गेल्या. त्यानं लोकांना आत घेतलं, शेवटच्या बाई आल्यावर दार ओढलं, आणि आतून उभा राहिला. दिवे मंदावले. कुणीतरी खोकलं. मागच्या रांगेतली मुलगी गळा एका बाजूला करून बसली होती. मग आवाज लांबून यायला निघाला, आणि त्यानं उजवा खांदा जिथे जातो तिथे जाऊ दिला.

तो परतला तेव्हा बायको झोपली होती, किंवा तसं दाखवत होती. सकाळी चहा ओतताना तिनं विचारलं, बाई काय म्हणाल्या?

“तुम्ही इथे, म्हणाल्या.”

“शर्टाचं काय म्हणाल्या?”

“काही नाही.”

“काहीच नाही?”

“एक शब्द नाही.”

ती किटली धरून तशीच उभी राहिली. चेहऱ्यावर हसू येऊ न देण्याचा तिनं बऱ्यापैकी प्रयत्न केला. “मग बसला,” ती म्हणाली. कपाटातून तिनं दुसरा शर्ट काढला, त्याच्यापुढे ठेवला, त्यावर पुडी ठेवली. “याची आज लावून टाका. आणि गाठ आतल्या बाजूला येऊ दे. परवा सगळ्या बाहेर मारल्या होत्यात, मी काही बोलले नाही.”